ओढ्यातून गाडी काढल्यापासून जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये दुधाळ ऑइल, काय करावं?

खानापूरचा जिप्सीवाला
नमस्कार मंडळी. माझ्याकडे 1998 ची जिप्सी किंग आहे, केए 22 (बेळगाव) पासिंग, वडिलांनी घेतलेली आणि अजून घरचीच. आमचं शेत जांबोटीच्या पुढं, पावसाळ्यात ओढा ओलांडल्याशिवाय तिकडं जाताच येत नाही. गेल्या महिन्यात ओढ्याला पाणी जास्त होतं, बंपरपर्यंत आलं, गाडी निघाली पण मधे दोन-तीन मिनिटं पाण्यातच उभी राहिली होती. तेव्हापासून 50 च्या वर गेलं की बरोबर मधून, सीटच्या खालून घुंई असा आवाज येतोय आणि फोर व्हीलचा लिव्हर लई घट्ट झालाय. काल ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी) वरचा प्लग काढून बोट घालून बघितलं तर ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं. इथला मेकॅनिक म्हणतोय 140 नंबरचं जाड गिअर ऑइल घाला, आवाज दबतो. घालू काय? किती लागतं, आणि कुठलं? गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं हाऊजिंग पण उघडायला पाहिजे काय? जाणकारांनी सांगा की.

उद्यमबागेतला फिटर
दादा, आधी गाडी चालवायची थांबवा. ऑइल दुधाळ म्हणजे आत पाणी गेलंय, आणि त्या पाण्याने बिअरिंगवर गंज धरला की मग ऑइल कितीही चांगलं घाला, आवाज जात नाही. 140 घालून आवाज थोडा दबेल पण बिअरिंग खात राहणार.

पाणी गेलं कसं ते समजून घ्या म्हणजे परत होणार नाही. गाडी चालून केस गरम झालेली असते, आतली हवा पण गरम. ती थंड पाण्यात बुडली की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर, म्हणजे केसमधली हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड, मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा ओढते, चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेनं पाणी ओढते. तुमची गाडी तर पाण्यातच उभी राहिली, म्हणजे ओढायला वेळच वेळ मिळाला. म्हणून ब्रीदर आधी साफ करा, त्याला लांब नळी लावून इंजिनच्या बाजूला उंच बांधून टाका. पन्नास-शंभर रुपयाची नळी असते, त्यात लाखाचं काम वाचतं.

आता ऑइल काढताना एक लक्षात ठेवा, *आधी वरचा भरायचा प्लग सुटतो काय ते बघा, मगच खालचा सोडा*. जुन्या गाडीत वरचा गंजून बसलेला असतो, खालचं सगळं ऑइल सांडून मग वरचा निघेना झाला तर गाडी जागेवर अडकते. पाणी किती आहे ते बघायचं असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी गार असताना खालचा प्लग थोडा सैल करा, पाणी जड, तेच आधी येतंय. नंतर स्वस्तातलं 90 नंबर ऑइल भरून पाच-सात किलोमीटर हळू फिरवा, गरम गरम काढा, परत दुधाळ आलं तर परत तेच करा. स्वच्छ आलं की मग चांगलं ऑइल. जिप्सीच्या ट्रान्सफर केसला 800 मिलीच्या आसपास लागतं, पण खरी खूण म्हणजे सपाट जागेवर वरच्या भोकातून वाहायला लागेपर्यंत.

काढलेलं ऑइल फेकू नका. बोटांत चोळून बघा, राखाडी मऊ पीठ आलं तर ती रोजची झीज, पण चकाकणारे तुकडे किंवा टोचणारी कपची आली तर केस उघडायची वेळ झाली.

निपाणीचा एमएम540
फिटर भाऊंनी बरोबर सांगितलंय, फक्त ऑइलच्या ग्रेडबद्दल बोलतो कारण यात माझं स्वतःचं नुकसान झालंय. डब्यावर 80 डब्ल्यू 90 बघून घेऊ नका, 80 डब्ल्यू 90 हा नुसता जाडपणा, त्याच्या खाली ऑइलचा दर्जा जीएल 4 आहे का जीएल 5 ते वाचा. हाऊजिंगमध्ये क्राऊन-पिनियन या मोठ्या-छोट्या गिअरचे दात एकमेकांवर घसरत फिरतात म्हणून तिथं जीएल 5 पाहिजेच. पण गिअरबॉक्समध्ये गिअर अलगद पडावा म्हणून पितळी सिंक्रो रिंग असतात, बऱ्याच जीएल 5 मधलं गंधकाचं मिश्रण त्यांना खातं, मी तेच केलं आणि वर्षभरात दुसरा-तिसरा गिअर करकरायला लागला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरला जीएल 4 घाला. माझ्या जीपला ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटूनच आहे, मधला सील गेला की एकाचं ऑइल दुसऱ्यात जातं, म्हणून मला दोन्ही लेव्हल एकाच वेळी बघाव्या लागतात. तुमच्या जिप्सीला मधे छोटा जॉइंट आहे, दोन्ही वेगळे, तेवढं बरं.

चंदगड रोड
घट्ट लिव्हरचं कारण नुसतं ऑइल नसतंय. डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून चालवत असाल तर वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्सफरमध्ये अडकून बसतो. सुटत नसेल तर सरळ रिव्हर्स थोडं मागं घ्या, सुटतो. चारी टायर एक साइजचे आहेत काय तेही बघा. आणि केस ज्या तीन रबरांवर लटकते ती फाटली असतील तर केस हलते, लिव्हर कधी अडकतो कधी उडतो.
आवाज कुठला ते बघायला: हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, ट्रान्सफर न्यूट्रलला टाका, गिअरबॉक्स तिसऱ्यात घालून क्लच सोडा. गाडी हलणार नाही. आवाज तरी आला तर गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफरचा पुढचा भाग, नाही आला तर मागचा बिअरिंग, प्रॉपेलर (ट्रान्सफरपासून चाकांकडे जाणारा फिरता दांडा) नाहीतर हाऊजिंग.

खानापूरचा जिप्सीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार, काल दिवसभर तेच काम केलं. पुढच्या हाऊजिंगचा वरचा प्लग हलेनाच, रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलेलं, सकाळी पान्याला पाइप लावून सुटला, तुम्ही सांगितलं नसतं तर मी खालचाच आधी सोडला असता. ट्रान्सफरच्या खालून आधी अर्धी वाटी निव्वळ पाणी आलं, मग ते चहासारखं. ब्रीदर लाल मातीने पूर्ण बंद. दोनदा धुवून तिसऱ्यांदा स्वच्छ आलं, पीठ होतं पण कपची नाही. पुढच्या हाऊजिंगमध्ये पण पाणी निघालं, तिथं जीएल 5 भरलं, मागचं चांगलं होतं. गिअरबॉक्सचं पण जीएल 4 बदलून टाकलं. प्रॉपेलरच्या ग्रीस भरायच्या निप्पलना ग्रीस मारलं तर आधी गंजाचंच पाणी बाहेर आलं.
न्यूट्रलच्या टेस्टला आवाज आला नाही. लिव्हर मोकळा झाला, घुंई कमी आहे पण 60 ला अजून ऐकू येते. ट्रान्सफरच्या मागच्या सीलमधून थेंब पडतोय, सील मागच्याच वर्षी नवा घातलेला.

उद्यमबागेतला फिटर
मग सील नाही, फ्लँज बघा, म्हणजे ट्रान्सफरला प्रॉपेलर जिथं बोल्टने जोडतात ती चकती. सील जिथं घासतो तिथं नखाला लागेल अशी खाच पडलेली असणार, तिथं कितीही नवे सील घाला गळणारच. फ्लँज काढून आणा, इकडं लेथवाले स्लीव्ह बसवून देतात. तो निघालाच आहे म्हटल्यावर मागचा बिअरिंग हाताने हलवून बघा, खेळ असेल तर त्याच वेळी बदला, परत उघडायला लावू नका. आणि 200-300 किलोमीटर झाल्यावर ऑइल एकदा परत बघा.

खानापूरचा जिप्सीवाला
होय, गुरुवारी फ्लँज घेऊन येतो.