मदत हवी आहे: आईला घारापुरीला न्यायचंय, गुडघ्यांचं काय?

नमस्कार मंडळी. रविवारी आईला गेटवेहून लाँचने घारापुरीला न्यायचंय, सोमवारी लेणी बंद असतात म्हणून. तासाभराचा समुद्रप्रवास तिला झेपेल. धास्ती आहे ती शंभरावर पायऱ्यांची. पाच-पाच तारे दिलेले ढीगभर रिव्ह्यू वाचले, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाने मध्ये कुठे टेकायचं हे कुणीच लिहीत नाही. मागे अशाच ताऱ्यांवर विसंबून एका ठिकाणी गेलो, तर आई अर्ध्या जिन्यात कठडा धरून घामाघूम उभी. ते पुन्हा नको.

ज्येष्ठांना घेऊन नुकतंच कुणी गेलंय का? जेट्टीवरची छोटी गाडी सध्या चालू आहे? डोलीवाले किती घेतात? ग्रुपवर बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर किंवा मोराबंदरचं कुणी असेल तर कृपया सांगाच, तुमच्या शब्दावर मी निघेन.