पानशेतपुढे माझी तक्रार क्षुल्लकच का?

सिंहगडरोडकर
माझे मामा १९६१ मध्ये नारायण पेठेत राहत होते. १२ जुलैला पानशेत धरण फुटले, घर गेले आणि पुढे कुटुंबाला निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छताच्या तात्पुरत्या घरात, दिवस काढावे लागले. त्यामुळे घरात कोणी कुरकुर केली, की तो पूर हजर होतो. हिंजवडीहून परतेपर्यंत रात्र होते, झोप लागत नाही, नोकरी सोडावीशी वाटते, असे परवा मी बोलून गेले. मामा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "अगं, आम्ही नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो होतो. एसीत बसून तुला कसला आलाय त्रास?" त्यांचे म्हणणे खोटे नाही, म्हणून मला उत्तर सुचत नाही आणि वर तक्रार केल्याची लाजही वाटते. अशा वेळी काय बोलावे?

पेठकर
म्हणणे खोटे नाही, पण ते तुमच्या बोलण्याचे उत्तरही नाही. अडचणीतला माणूस आपल्याहून वाईट स्थितीतल्यांकडे पाहून काहीसा सावरतो, असे थॉमस विल्स या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये मांडले होते; मात्र तिथे तुलना करणारा स्वतः तो त्रास सोसणारा माणूस असतो. तीच तुलना दुसऱ्याने गळ्यात मारली, की मूळ त्रास तसाच राहतो आणि त्यात अपराधीपणाची भर पडते, जशी ती तुमच्या बाबतीत पडलेली दिसते.

पूरग्रस्ताचा मुलगा
आमच्याही घरी पानशेत आहे, म्हणून थोडे मामांच्या बाजूने लिहितो. माझ्या वडिलांची वह्या-पुस्तके, भांडीकुंडी, सगळे गेले, पण त्याविषयी बोलू लागले, की वडीलधारे त्यांना "जीव वाचला ना? मग झालं तर" एवढेच म्हणत. मामांनाही बहुधा हेच ऐकावे लागले असेल आणि तेच ते आता तुम्हाला ऐकवत आहेत. एरवी कधीतरी, तुमचा विषय निघालेला नसताना, त्यांना त्या दिवसाबद्दल सविस्तर विचारा. आणखी एक गोष्ट आहे. पूरग्रस्त सोसायट्यांनी जागेच्या मालकीहक्कासाठी कित्येक दशके सरकारदरबारी अर्जविनंत्या केल्या. १९६७ च्या कोयना भूकंपात माणसे दगावली, तुमच्या डोक्यावर छप्पर तरी आहे, असे सांगून एखाद्या साहेबाने त्यांचा अर्ज परत केला असता, तर ते कोणाही पूरग्रस्ताने ऐकून घेतले नसते, आणि तुमच्या मामांनी तर नाहीच नाही!

कोथरूडची काकू
तुलना सरसकट वाईट, हे मला पटत नाही. मदतीचा पैसा मोजका असेल, तर आधी कोणाला द्यायचा हे ठरवताना ती करावीच लागते. चहा पिताना भाचीचे ऐकून घ्यायला मात्र काही वाटप करायचे नसते. बाकी, झोपेचे मामांना पटो न पटो, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.