स्कूटर पीयूसीत नापास, सीओ ४.८: स्क्रू आवळायचा की दोष शोधायचा?

रंकाळा_चक्कर
२०१३ ची ११० सीसी स्कूटर, कार्बोरेटरवाली, बीएस-३ (प्रदूषण नियमांचा जुना टप्पा). पीयूसीच्या चिठ्ठीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.८ टक्के (मर्यादा ३.५), एचसी (न जळलेलं पेट्रोल) १९०० पीपीएम (मर्यादा ४५००). प्लग नवा आहे, आयडल (रेस न देता इंजिनचा वेग) स्थिर आहे, पण ॲव्हरेज उतरलंय. "पेट्रोल-हवेच्या मिक्श्चरचा स्क्रू जरा फिरवला की पास होते" असं जो तो सांगतो. किती फिरवायचा, कुठल्या बाजूला, आणि तेवढ्यानं मूळ दोष जातो का?
दुसरा प्रश्न. कोल्हापुरात कावळा नाक्यावर काळा धूर सोडत जाणाऱ्या टेम्पोकडंही चालू पीयूसी असतंच. मग ही तपासणी पकडते तरी काय?

उद्यमनगर_ट्यूनर
पहिल्याचं उत्तर देतो. सीओ चढलेला आणि एचसी आवाक्यात, म्हणजे ठिणगी बरोबर पडतेय, पेट्रोल जळतंय, पण हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जातंय. कार्बनला ऑक्सिजन पुरला नाही की तो अर्धवट जळून सीओ होतो. उलट असतं, म्हणजे सीओ १ च्या आत आणि एचसी पाच-सहा हजार, तर प्लग, प्लगकॅप आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघायला सांगितलं असतं.

स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. आधी चोक. ऑटो चोक असेल तर इंजिन ५-७ मिनिटं चालल्यावर कार्बोरेटरवरच्या त्या छोट्या डबीला हात लावून बघा (सायलेन्सर सांभाळून), ती चांगली गरम लागली पाहिजे. आत विजेवर तापणारा भाग असतो, तो तापला की जादा पेट्रोलची वाट बंद होते. डबी गार असेल तर वायर तुटलीय, कनेक्टर गंजलाय किंवा आतली कॉइल गेलीय. मग गाडी कितीही तापली तरी ती अर्ध्या चोकवरच चालणार. हाताचा चोक असेल तर केबलला २-३ मिमी ढील आहे का बघा. ताणलेली केबल चोक पूर्ण बसूच देत नाही.

नंतर फ्लोटची सुई, कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी. टोकावर नखाला लागेल अशी गोल चीर पडली असेल तर सुई बदला, घासून बसवू नका. सुई गळते म्हणजे वाटीत पेट्रोलची पातळी वर राहते. जास्त गळली तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि त्याची वाफ ब्रीदरच्या (ऑइलची वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीवाटे परत इंजिनातच येते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय सीओचा आकडा बघण्यात अर्थ नाही.

पायलट जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं पितळी जेट. सगळ्यात जास्त वाट इथंच लावली जाते, तार घालून "साफ" करून. पितळ मऊ असतं. ०.३५ मिमीचं भोक ०.३८ झालं की क्षेत्रफळ थेट १८ टक्के वाढलं, मग स्क्रू कितीही फिरवा. जेट कार्ब क्लीनर आणि हवेनंच साफ करायचं, शंका असेल तर त्याच नंबरचं नवं टाकायचं. किंमत फार नसते. शेजारची हवेची वाटही फुंकून घ्या, ती चोंदली तरी मिश्रण घट्टच (पेट्रोल जास्त) होतं.

एअर फिल्टर सगळे पहिल्यांदा बघतात, पण आयडलला हवा थ्रॉटलनंच अडवलेली असते, त्यामुळं फिल्टर पार चोंदल्याशिवाय आयडलचा सीओ फारसा हलत नाही. तेल लावलेला कागदी फिल्टर असेल तर त्याला हवा मारू नका, बदला.

हे सगळं झालं की स्क्रू. तो इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, म्हणजे आवळला की मिश्रण पातळ (पेट्रोल कमी). फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, म्हणजे सोडला की पातळ. "जरा आवळ" हा सल्ला म्हणूनच अर्ध्या गाड्यांवर उलटा पडतो. आधी हलक्या हातानं पूर्ण बसवून किती फेरे होते ते लिहून ठेवा आणि परत तिथंच आणा. मग गाडी गरम, मशीनची नळी लावलेली, आणि एका वेळी अष्टमांश फेरा. प्रत्येक वेळी १५-२० सेकंद थांबा, वायू नळीतून मशीनपर्यंत पोचायला वेळ लागतो. सीओ १.५ ते २.५ वर आला की बस. पाऊण टक्क्यावर नेला की रेस सोडताना सायलेन्सर फुटफुट करतो आणि पातळ मिश्रणाच्या मिसफायरनं एचसी चढतो. शेवटी आयडल १७०० च्या आसपास लावून सीओ परत बघा, कारण थ्रॉटल हलला की आकडाही हलतो.

नोझल_आणि_पंप
टेम्पोचं मी सांगतो. डिझेलला सीओ-एचसी बघतच नाहीत, फक्त धुराचा गडदपणा. न्यूट्रलमध्ये रेस एकदम पूर्ण दाबायची, गव्हर्नर (इंजिनचा कमाल वेग रोखणारा भाग) कट मारेपर्यंत, आणि त्या झटक्यात धूर किती प्रकाश अडवतो ते मोजायचं. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा २.४५ प्रति मीटर (गडदपणाचं एकक), बीएस-४ ला १.६२, बीएस-६ ला ०.७. इंजिन ऑइल किमान ६० अंशांवर हवं आणि मोजण्याआधी दोन-तीन रेस मारून सायलेन्सरमधली साठलेली काजळी उडवून टाकायची.

मेख "पूर्ण दाबायची" या दोन शब्दांत आहे. रेस हळूहळू दाबली किंवा अर्ध्यावर सोडली की तीच गाडी आरामात पास. आरपीएम आणि ऑइल टेंपरेचरचे सेन्सर यासाठीच असतात, ते खुंटीला टांगलेले दिसले तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय तपासणीत इंजिनला ओझं फक्त स्वतःच्या फ्लायव्हीलचं. करूळ घाटात भरलेली पिकअप दुसऱ्या गिअरवर जो धूर काढते तो इथं दिसतच नाही. टर्बोनं दाबलेली हवा इंटरकूलरकडं नेणारा होज फाटलेला असेल तर घाटात काळाकुट्ट धूर निघतो आणि सेंटरवर मात्र गाडी काठावर पास होऊ शकते.

गाडीवाल्यानं खरंच दुरुस्ती करायची तर आधी एअर फिल्टर आणि होज, मग ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का, मग नोझल टेस्टरवर थेंब गाळतात का. पंपाला हात त्यानंतर. जुन्या मेकॅनिकल पंपावर पिकअप वाढवायला कुणीतरी डिझेल वाढवून ठेवलेलं असतं. सील तुटलेलं असेल तर तिथंच उत्तर मिळालं.

रंकाळा_चक्कर
ऑटो चोकची डबी दहा मिनिटांनी पण गारच. कनेक्टर हिरवा पडलाय, तो साफ करून बघतो. पण मला सांगा, हा आकडा दुसऱ्या सेंटरवर वेगळा येईल का?

चार_वायू
येऊ शकतो, आणि बहुतेक वेळा कमीच येतो. कारण नळी. नळी सायलेन्सरमध्ये ३०० मिमी आत जायला हवी. दुचाकीत ती तेवढी जात नाही, म्हणून रबरी बूट लावून पाइप वाढवायचा असतो. तसं न करता टोकाला नुसती अडकवली की बाहेरची हवा मिसळते आणि ४.८ चा २.९ होतो. सायलेन्सरच्या जॉइंटला गळती असेल तरी तेच. खूण सोपी आहे. चार वायूंच्या मशीनवर सीओ आणि कार्बन डायऑक्साइड यांची बेरीज फोर-स्ट्रोकला साधारण १५ च्या जवळपास असते. ती ८-९ दिसली आणि ऑक्सिजन चढलेला असला तर मशीन तुमच्या गाडीचा धूर कमी आणि कावळा नाक्याची हवा जास्त मोजतंय. सेकंडरी एअरचा (धुरात ताजी हवा सोडणारा) व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांत मात्र थोडा ऑक्सिजन चढलेला असणारच, त्याला चोरी समजू नका.

आता प्रश्न, पकडते काय. बिघडलेली पेट्रोल गाडी पकडते, तुमची पकडली तशी, आणि ते काम वाईट नाही. पण नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही, आणि मोजायला गेलं तरी आयडलवर ते फारसं तयार होत नाही, त्याला ओझं लागतं. कॅलिफोर्नियानं त्यासाठी गाड्या रोलरवर चालवल्या. आता २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना ते गाडीच्या संगणकालाच विचारतात. बीएस-६ डिझेलचा काजळी अडवणारा फिल्टर कुणी काढून टाकला तर आपल्या धूर-मीटरला तो बऱ्याचदा कळतही नाही, कारण कण इतके बारीक की धूर दिसतच नाही. जर्मनीत २०२३ पासून युरो-६ डिझेलचे कण मोजतात, मर्यादा घनसेंटीमीटरला २.५ लाख.

पण यंत्रापेक्षा मोठं भोक व्यवहारात आहे. सेंटरला पैसे मिळतात प्रमाणपत्रामागं आणि नापास झालेलं गिऱ्हाईक पुढच्या टपरीवर जातं. प्रमाणपत्रं ऑनलाइन होण्यापूर्वी ही पळवाट आणखी सोपी होती असं कुणी म्हणेल, पण ऑनलाइन झाल्यावरही ती बुजलेली नाही. दिल्लीवरच्या कॅगच्या (महालेखापरीक्षकांच्या) अहवालात, जो २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला, १.०८ लाखांहून जास्त गाड्यांना आकडे मर्यादेबाहेर असतानाही प्रमाणपत्र दिल्याचं आहे. म्हणजे मशीननं पकडलं आणि माणसानं सोडलं. आपलं शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, तेव्हा इथं तरी सेंटरच्या मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालं ते दारावर लावायला काय हरकत आहे?

एमएच_शून्यनऊ
कागदाचं थोडक्यात. बीएस-३ आहे म्हणजे पीयूसी ६ महिन्यांचं, बीएस-४ आणि बीएस-६ ला १ वर्ष. नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. पीयूसी नसेल तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विम्याचं म्हणाल तर पीयूसीशिवाय विमा नाही ही सर्वोच्च न्यायालयाची २०१७ ची अट २६ जुलै २०२४ च्या आदेशानं निघाली. नापासची चिठ्ठी फेकू नका, मिस्त्रीला ती दाखवलेली बरी.

रंकाळा_चक्कर
कनेक्टर साफ केल्यावर डबी तापतेय, आयडल आपोआप खाली आलं. स्क्रूला हात लावलेला नाही. आता परत चाचणी करावी की फ्लोटही उघडावा?

उद्यमनगर_ट्यूनर
आधी डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा नसेल तर कार्बोरेटर उघडू नका, गाडी १५ मिनिटं चालवून गरमच सेंटरवर न्या. रबरी बूट लावायला सांगा आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडाही टिपून घ्या. बेरीज १५ च्या जवळ आणि सीओ ३ च्या खाली असेल तर काम झालं. ३ ते ३.५ मध्ये आला तर सुई बघाच, सहा महिन्यांनी परत तिथंच यायचंय.