मदत हवी आहे: कमी वॅटचा मायक्रोवेव्ह, घराचं वायरिंग जुनं (बेळगाव)

नमस्कार. शहापुरात जुन्या घराच्या माडीवर भाड्याने राहतो. आई 74 वर्षांची, दिवसभर एकटी. मी उद्यमबागेत कामाला. गेल्या महिन्यात दूध तापत ठेवून विसरली, पातेल्याचा कोळसा झाला. तेव्हापासून गॅस सिलिंडरपाशीच बंद करून जातो आणि ती दुपारी गार आमटी-भात जेवते. तक्रार करत नाही, तेच जास्त लागतं.

म्हणून फक्त गरम करण्यापुरता मायक्रोवेव्ह हवाय. ग्रिल, केक काही नको. अडचण लाईटची. अख्ख्या माडीला 10 अँपिअरची एकच एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). इंडक्शन आणि पाण्याची कॉइल एकदम लावली की दोन मिनिटांत पडते.

खडेबाजारात 20 लिटरचा सोलो, म्हणजे ग्रिल नसलेला साधा मायक्रोवेव्ह बघितला. दुकानदार म्हणाला, "700 वॅटचाच आहे की हो, मिक्सरएवढाच." मशीन फिरवून मागची पट्टी वाचली, तर इनपुट 1150! प्लगही जाडा, आमच्या ओट्यावरच्या बारक्या पॉइंटात जात नाही. त्यावर म्हणे, "कन्व्हर्टर लावा, काय होत नाही." (जाडा प्लग बारक्या पॉइंटात बसवायचा जोड.)

खरं कुठलं धरायचं? आणि पॉवर कमी ठेवून चालवला तर लोड कमी होतो काय?

प्रतिसाद 1
दुकानदार खोटं नाही, अर्धं बोलला. 700 म्हणजे अन्नाला मिळणारी ताकद. वायरीतून ओढणार 1150, म्हणजे 230 व्होल्टला 5 अँपिअर. तुमच्या एमसीबीत बसतं, फक्त त्या वेळी इंडक्शन, कॉइल, इस्त्री नको. फ्रिज चालेल.

पॉवर कमी केली तरी साधा मायक्रोवेव्ह पूर्ण लोडच घेतो, फक्त मध्येमध्ये बंद होतो. कान दिलात तर घुर्रर्र थांबलेली कळते. खरोखर कमी ओढतो तो इन्व्हर्टर मायक्रोवेव्ह, पण महाग. (लाईट गेल्यावर लावतो तो इन्व्हर्टर वेगळा, त्यावर हे चालवू नका.)

कन्व्हर्टर अजिबात नको. जुना सैल पॉइंट तापून वितळलेला मी बघितलाय. बोर्डापासून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 16 अँपिअरचा पॉइंट वेगळा काढून घ्या. अर्थिंग तपासून घ्या, ते आधी. युनिटची काळजी नको, रोज दहा मिनिटं म्हणजे महिन्याला सहाएक युनिट.

प्रतिसाद 2
बिलावर मंजूर लोड (घराला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा) किती आहे तेही बघा. कानडी येत नसेल तर शेजारच्यांकडून वाचून घ्या, आम्ही तेच करतो.

धागाकर्ता
आभार. घरमालक खालीच राहतात, भिंत न फोडता पट्टीतून वायर न्यायला तयार झाले. रविवारी वायरमन येतोय. आईचा एकच प्रश्न: तिची पितळी वाटी चालेल काय?

प्रतिसाद 1
नाही हो, स्टीलही नाही, ठिणग्या उडतात. काचेची नाहीतर चिनीमातीची घ्या. आणि बटणाचा नको, गोल फिरवायच्या खटक्याचा घ्या, त्यांना सोपा पडेल.