प्रतिसाद: दर आठवड्याला विमान, तयारी कशी?

वर बॅगांवर भरपूर चर्चा झालीये, म्हणून मी टर्मिनलचं सांगतो. मुंबईत टी१ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, टी२ सहारला. तिकिटावर कुठलं आहे ते आदल्या रात्रीच बघा. मी एकदा विमान टी१चं असताना सवयीने टी२ला जाऊन उतरलो आणि रिक्षा शोधत घामाघूम झालो. विमान मिळालं, पण सोमवारची मीटिंग चुरगळलेल्या शर्टात!

आता मेट्रो ३ची स्टेशनं दोन्ही टर्मिनलांना आहेत. बीकेसीकडून (वांद्रे-कुर्ला संकुल) येणाऱ्यांनी संध्याकाळी हायवेवर अडकण्यापेक्षा तीच धरावी. पावसाळ्यात तर नक्कीच.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत ठेवा. मर्यादा साधारण १०० वॉट-अवर, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचवाली (सुमारे ७४ वॉट-अवर) बसते.

आणि हो, तिकीट काढतानाच कंपनीचा जीएसटी नंबर टाका. नंतर अकाउंट्सवाले बिलासाठी मागे लागतात, आणि एअरलाइनकडून दुरुस्ती करून घेणं म्हणजे डोक्याला ताप. हॉटेलचं बिलही काउंटरवरच वाचा, कंपनीचं नाव हमखास चुकतं. टूथब्रश-चार्जरचा दुसरा सेट मात्र बॅगेतच राहू द्या, घरी आल्यावर काढायचाच नाही.