वारुळासारखा हवेचा डक्ट मुंबईत चालेल का?

कमिटी_गोरेगाव
स्वयंपुनर्विकास, तळ अधिक ६ मजले, २८ फ्लॅट. जिन्याला लागून दीड बाय दीड मीटरचा डक्ट (हवेसाठी उभी पोकळी) आर्किटेक्टने सुचवलाय. वाळवीच्या वारुळाच्या धर्तीवर इमारतीतली गरम हवा वर ओढली जाईल, एसी कमी लागतील, असं म्हणणं. नमुना झिंबाब्वेतल्या हरारेच्या ईस्टगेट इमारतीचा. जागा मात्र सभासदांच्या कार्पेट एरियातून जाणार. घ्यावा का?

वारा_बघून
नको. ईस्टगेट (१९९६) चालतं ते रात्रीच्या गारव्यावर. हरारे सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. रात्री थंड हवा काँक्रीटमधून फिरवायची, दिवसा तो गारवा वापरायचा. त्यालाही पंखे लागतातच. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही पारा सहसा २६-२७ च्या खाली उतरत नाही, वर दमटपणा. स्लॅब गार होणार कधी?

आकडे बघा. डक्ट २० मीटर उंच, आतली हवा बाहेरच्यापेक्षा ३ अंश गरम धरली तरी ओढ जेमतेम सव्वादोन पास्कल. सेकंदाला ३ मीटर वेगाचा वारा भिंतीवर साडेपाचच्या आसपास दाब देतो. आणि सावलीतला डक्ट दुपारी बाहेरच्यापेक्षा गारच असतो, मग ओढ उलटी. शिवाय आग लागली की सगळ्या मजल्यांना जोडलेला डक्ट म्हणजे धुराचं धुराडं. फायर एनओसीला (अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याला) हाच मुद्दा निघेल.

छज्जा_आणि_जाळी
सहमत. निसर्गातूनच घ्यायचं तर झाड घ्या: सावली आणि वारा. प्रत्येक फ्लॅटला समोरासमोर किंवा निदान दोन बाजूंना खिडक्या मिळतात का, ते प्लॅनवर आधी तपासा. दोन ट्रॅकची स्लायडिंग अर्धीच उघडते, म्हणून झडपांची घ्या. डासांची जाळी वारा आणखी कापते, तेव्हा खिडकी मोठी धरा.

पश्चिमेला आडवा छज्जा वाया, ऊन तिरपं त्याच्या खालून आत येतं. तिथे उभ्या पट्ट्या किंवा टेराकोटा जाळी. उत्तरेलाही ६०० मिमी छज्जा हवाच, कारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. हे बरेच जण विसरतात.

कमिटी_गोरेगाव
टेराकोटा जाळीत कबुतरं?

छज्जा_आणि_जाळी
भोकं ५ सेंमीपेक्षा लहान ठेवा. भिंत आणि जाळीत माणूस झाडू घेऊन शिरेल एवढी, ६०० मिमी तरी जागा सोडा, नाहीतर दोन पावसाळ्यांत फटीत पिंपळ. जाळीचे अँगल गॅल्व्हनाइज्ड. साधं लोखंड खाऱ्या हवेत टिकत नाही.

वारा_बघून
गच्चीवर कोब्यावर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे), ऊन परतवतो, वरच्या ४ फ्लॅटना त्याचा खरा फायदा. दरवर्षी धुवायला मात्र हवा, काळा पडला की सगळं मुसळ केरात.