डॉग्स की डॉग्ज?

प्रश्न: आपण मराठीत 'डॉग्स', 'बॅग्स' बिनधास्त लिहितो, पण इंग्रजी मातृभाषावाले तिथे स म्हणतच नाहीत, 'जाड'मधल्या ज च्या जवळपासचं काहीतरी म्हणतात. 'कॅट्स'ला मात्र स्वच्छ स. स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे एसच. नियम काय नक्की?

— गळ्यावर बोट ठेवून आधी क् म्हणा मग ग् (अ न लावता, नाहीतर सगळंच थरथरतं). आपल्या व्याकरणातलंच घोष-अघोष, गळा थरथरला तर घोष, नाही तर अघोष. शेवट अघोष असेल तर स, कॅट्स, बुक्स. घोष व्यंजन किंवा स्वर असेल तर तो ज, डॉग्ज, कीज. आणि शेवटीच स, श, च, ज असले आवाज असतील तर मध्ये इ घुसतो, बसिज, मॅचिज. भाषाशास्त्रवाले म्हणतात रूपिम (म्हणजे अर्थ असलेला शब्दाचा सगळ्यात छोटा तुकडा) एकच, रूपं तीन. भूतकाळाच्या ईडीचं पण सेम, वॉक्ट, प्लेड, वॉन्टिड.

— नियम कशाला, मुलं ऐकून ऐकून पाठ करत असतील की!

— जीन बर्को या अमेरिकन भाषा-संशोधक बाईंनी १९५८ साली हेच तपासलं. पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र काढलं, नाव 'वग', असा शब्दच नव्हता इंग्रजीत. लहान मुलांना सांगितलं हा एक वग, आता अजून एक आला, आता झाले दोन...? बहुतेक म्हणाली 'वग्ज'. न ऐकलेला शब्द पाठ कुठून असणार? पण मला भारी वाटतं ते पुढचं, 'ग्लासिज' बरोबर म्हणणारी बरीच पोरं 'टास' या खोट्या शब्दाला अडली, दोन टासच म्हणाली, म्हणजे ग्लासिज पाठ होतं आणि इज चा नियम अजून बसला नव्हता. तेव्हा तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही.

— मग वुल्फचं वुल्व्ज का??

— जुन्या इंग्रजीत ते 'वुल्फस' होतं, आणि दोन घोष आवाजांमध्ये सापडलेला फ तेव्हा व सारखा उच्चारायचे, तोच टिकला. 'चीफ' फ्रेंचमधून आलेला, त्याचं सरळ चीफ्स. आणि टोरांटोची हॉकी टीम 'मेपल लीफ्स', लीव्ज नाही, कारण ते टीमचं नाव झालं.

— अर्थाचं पण असंच गंमतीशीर आहे, 'अनलॉकेबल' बघा. लॉकेबलला अन लावला तर कुलूप लावताच येत नाही असं दार, अनलॉकला एबल लावलं तर कुलूप उघडता येईल असं. तुकडे तेच, फक्त आधी काय जोडलं ते बघायचं. मोबाइलवाले कायम दुसराच अर्थ धरतात.